शेजारच्या सीटवरचा आवाज

गाडीच्या चाकांतून आवाज येऊ लागला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद साहेबांना झाला. साहेब म्हणजे पोरांना अक्षरं शिकवणाऱ्या बाईंचे यजमान. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तपासण्यासारखं त्यांच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. किराणावाल्याचा तराजू तपासून झाला होता, आणि साहेब दुकानाच्या पायरीवर दिसले की किराणावाल्याला आत गोदामात काहीतरी तातडीचं काम आठवू लागलं होतं. अशा दुष्काळात गाडी खरखरली. मागितला एक डोळा आणि मिळाले दोन, अशी साहेबांची अवस्था झाली.

गाडी जुनी होती. एवढी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. पण तोवर ती गुपचूप चालत होती. आता मात्र उजवीकडे वळताना, नाहीतर गतिरोधकावरून उतरताना, पुढच्या चाकाकडून खर्रर्र असा आवाज यायचा आणि गाडी सरळ झाली की थांबायचा. सासूबाईंच्या मते वरच्या मजल्यावर कुणी कपाट ओढावं तसा तो होता. साहेबांच्या मते तो ‘घर्षणजन्य’ होता. एवढा जड शब्द वापरल्यावर निम्मं काम झाल्यासारखं त्यांना वाटलं.

उरलेलं निम्मं काम मात्र लांबलं. साहेबांनी आधी बेअरिंगवर संशय घेतला. गॅरेजवाल्याने बेअरिंग बदललं, आवाज राहिला. मग ब्रेकचे पॅड बदलले, आवाज राहिला. टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, तोही बेत आवाजाला मानवला. शेवटी गॅरेजवाल्याने एकट्याने गाडी काढली, बाजाराला वळसा घालून आला आणि म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, कसलाही आवाज नाही. साहेबांनी स्वतः चालवून पाहिली. खरंच, आवाज नाही. आई आणि बायको मागच्या सीटवर होत्या, त्यांनाही नाही. साहेब चालवताना त्या दोघी नेहमी मागेच बसत, कारण शेजारी माणूस असला की साहेबांचं लक्ष विचलित होई.

बाई चालवायला बसल्या की साहेब मात्र पुढे, त्यांच्या शेजारी बसत. पत्नीचं लक्ष विचलित होण्याची त्यांना काळजी नव्हती. तेच तर त्यांचं काम होतं. ‘आता गिअर’, ‘आता हॉर्न’, ‘आता श्वास घे’ असं त्या सीटवरून उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं आणि पहिल्याच उजव्या वळणावर चाक खर्रर्र करून साहेबांना दुजोरा द्यायचं.

म्हणजे गॅरेजवाला चालवतो तेव्हा आवाज नाही. साहेब चालवतात तेव्हा नाही. बाई चालवतात तेव्हा आहे. चाकाचे सगळे भाग तपासून झाले होते, गाडीतला एकच भाग तपासायचा राहिला होता, तो म्हणजे चालवणारी बायको. निष्कर्ष निघाला तेव्हा साहेब आणि गॅरेजवाला यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. मोठ्या शोधाच्या वेळी दोन शास्त्रज्ञ हलवत असतील तशी.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” साहेब घरी येऊन म्हणाले. “वळण फार झटक्यात घेतेस तू.”

बाईंनी एकदा सांगून पाहिलं, की मी एकटी जाते तेव्हा आवाज येत नाही हो. साहेबांनी डोळे मिटून मंद स्मित केलं. आवाज येतो, पण तुला ऐकू येत नाही, त्याला कान तयार लागतो, असं त्यांनी समजावलं. ऐकू न आलेला आवाज मुळात आलाच नव्हता, हे सिद्ध कसं करणार?

एरवी बाईंनी हे सोडून दिलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काय सोडायचं आणि काय धरायचं याचा अंदाज आलेला असतो. पण सोमवारी त्यांची शाळा सुरू होणार होती. इतकी वर्षं घराच्या पुढच्या खोलीत पोरांना अक्षरं शिकवल्यावर, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेने त्यांना बालवर्गासाठी बोलावलं होतं. सकाळी तिकडे बस जात नसे. त्यासाठीच तर त्या या वयात गाडी शिकल्या होत्या, परीक्षकासमोर घामाघूम होऊन परवाना मिळवला होता. आणि आता साहेबांनी जाहीर केलं होतं, की रविवारी मी शेवटची परीक्षा घेईन. आवाज आला, तर किल्ली माझ्या खिशात. शाळेत मीच सोडत जाईन.

साहेब सोडत जाणार म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक होतं. मागे त्या गाण्याच्या क्लासला जात होत्या. तेव्हाही साहेबच सोडत. रोज निघताना त्यांचा एक मोजा सापडत नसे. क्लास सुटला, तो त्या मोज्यापायी. आता चाळीस पोरं वर्गाच्या दाराशी रडत उभी आणि इकडे साहेब पलंगाखाली वाकलेले, हे चित्र बाईंना स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी सासूबाईंचा दात दुखू लागला. साहेब दुपारच्या झोपेत होते आणि झोपेच्या बाबतीत ते पूर्वीपासून काटेकोर. बाईंनी सासूबाईंना पुढे शेजारी बसवलं आणि दातांच्या डॉक्टरकडे निघाल्या. पहिलं उजवं वळण आलं. बाईंचे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले. काही नाही. दुसरं वळण. काही नाही. वाटेतला सगळ्यांत उंच गतिरोधक. गाडी मुकाट उतरली.

“आज तुझी गाडी गप्प आहे गं,” सासूबाई गालाला हात लावून म्हणाल्या. “तिचाही दात दुखतोय की काय?”

बाईंनी गाडी कडेला घेतली. वर्गात एखादं पोर रोज रडत असेल, तर बाई सगळा वर्ग उलटापालटा करत नसत. एका वेळी एकच गोष्ट बदलत. आधी त्याची जागा. नाही थांबलं, तर शेजारचं पोर. एकदम चार गोष्टी बदलल्या तर रडणं थांबतं, पण कशामुळे थांबलं ते कळत नाही, आणि मग ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं. आता चालवणारी तीच. गाडी तीच, रस्ता तोच. बदललं होतं काय? शेजारी बसणारं माणूस.

“आई,” त्या म्हणाल्या, “तुमचं वजन किती असेल?”

सासूबाईंना या वयात असल्या प्रश्नाची धास्ती उरली नव्हती. “वाऱ्याने उडत नाही एवढंच,” त्या म्हणाल्या. मग सुनेच्या तोंडाकडे बघून त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि दुखरा दात विसरून त्या हसायला लागल्या. “जन्मभर लोकांची वजनं तपासली गं त्याने. स्वतःचं तेवढं राहिलं.”

हसून झाल्यावर दोघी गंभीर झाल्या. अंदाज बांधणं सोपं होतं. पण ‘अहो, तुम्ही बसलात की आवाज येतो’ असं घरात म्हणायचं, तर आधी पुरावा हवा आणि मग दुसऱ्या गावी बदली हवी.

शनिवारी साहेब मित्रांकडे पत्त्यांना गेल्यावर बाईंनी घरातले पाण्याचे मोठे कॅन खाली नेले. दोन पुढच्या सीटवर, दोन पाय ठेवायच्या जागेत. रिकामे असतानाच ठेवले आणि इमारतीच्या नळाला पाइप लावून जागच्या जागी भरले, म्हणजे उचलायला नकोत. वरच्या दोघांना सीटचा पट्टा लावला. सासूबाई मागे बसल्या आणि दोन सीटच्या मधून वाकून बघू लागल्या.

“अगदी तोच,” त्या म्हणाल्या. “बोलत नाही, एवढंच वेगळं.”

गाडी निघाली. पहिल्या उजव्या वळणावर खर्रर्र. इतका ओळखीचा, इतका स्पष्ट, की बाईंना तो प्रथमच गोड वाटला. खात्री करायला त्यांनी पाइपच्या तुकड्याने कॅनमधलं पाणी गटारात सोडलं आणि त्याच वळणावर पुन्हा गाडी फिरवली. आवाज नाही. घरी येऊन कॅन पुन्हा भरले. आवाज आहे. आता त्या थेट गॅरेजवर गेल्या.

गॅरेजवाल्याने पट्टा लावून बसलेले कॅन पाहिले, मग बाईंकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, आणि साहेबांच्या घरची परिस्थिती आपण समजत होतो त्याहून बिकट आहे असं त्याला वाटलं असावं. बाईंनी त्याला काहीही समजावलं नाही. फक्त म्हणाल्या, कॅन न काढता एक फेरी मारून या. तो गेला तेव्हा त्याच्या तोंडावर समजूतदार हसू होतं. आला तेव्हा नव्हतं.

गाडी वर उचलून बघण्याची त्याची पद्धत. पण उचलली की चाक खाली लोंबतं आणि सगळीकडे ऐसपैस जागा दिसते. मागच्या सगळ्या खेपांना तेच झालं होतं. बाई म्हणाल्या, आता उचलू नका, अशी भरलेलीच राहू द्या आणि खालून बघा. तो कुरकुरत जमिनीवर आडवा झाला, बॅटरी घेऊन आत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. चाकाच्या वर जो प्लास्टिकचा आडोसा असतो, त्यावर टायर घासून घासून एक पट्टा चकचकीत झाला होता. आणि चाकाला पेलणारी जाड स्प्रिंग, तिचा तळाचा वेढा तुटून तिथे साचलेल्या चिखलात रुतून बसला होता. त्या कोपऱ्यात गाडी बोटभर खचली होती. बाजूच्या सीटवर भार आला आणि वळणावर गाडी तिकडे कलली, की टायर वर टेकायचा. तुटलेलं टोक टायरच्या इतकं जवळ होतं, की गॅरेजवाला ते बघून शीळ घालायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.

“हे एक दिवस टायरमध्ये शिरलं असतं, बाई,” तो उठून म्हणाला. “भर रस्त्यात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्या दोघांपैकी एक, म्हणजे गॅरेजवाला, असा शरमेने लाल झाला. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडे त्याने स्वतः माणूस धाडला, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग बदलल्या, आडोसाही बदलला, आणि बाईंनी मागितल्यावरून तो तुटका वेढा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला. साहेबांना आपण होऊन काही सांगणार नाही, असंही म्हणाला. तो नेमका कुणाला वाचवत होता, हे बाईंनी विचारलं नाही.

रविवारी परीक्षा झाली. साहेब शेजारी बसले, सासूबाई मागे. उजवं वळण, उंच गतिरोधक, बाजाराचा चक्राकार चौक. साहेबांनी कान टवकारून ठेवले होते आणि चौकाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. आवाज नाही. घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते तृप्त होऊन मागे टेकले.

“बघितलंस?” ते म्हणाले. “महिनाभर कानीकपाळी ओरडलो, त्याचं फळ आहे हे. सुधारलीस. जा आता शाळेत खुशाल.”

मागून सासूबाईंनी खोकून पाहिलं. बाईंनी आरशातून त्यांना नजरेनेच थांबवलं. किल्ली मिळाली होती. ‘हो’ म्हटलं की काम संपत होतं, आणि संसारात असे कितीतरी ‘हो’ बाईंनी याआधी खर्चले होते. पण पोराने गणित चुकीचं करून उत्तर बरोबर आणलं, तर बाई कधी पुढे जाऊ देत नसत. पुढच्या गणिताला तेच पोर आपटतं. आज ‘हो’ म्हटलं, की उद्या गाडी कुठूनही कुरकुरली तरी तो आवाज बाईंच्या हाताचा ठरणार, आणि किल्ली पुन्हा साहेबांच्या खिशाकडे निघणार.

त्यांनी पायाशी ठेवलेली पुडी उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. दात, कॅन, चकचकीत पट्टा, तुटलेलं टोक. अगदी बालवर्गात सांगतात तसं सावकाश, आवाज न चढवता. साहेबांनी पुडी उघडली. तो गंजका तुकडा त्यांनी खूप वेळ उलटसुलट करून पाहिला. वजनाचा अंदाज घेतला, सवयच ती.

“म्हणजे आवाज माझ्यामुळे येत होता,” ते शेवटी म्हणाले. तोंड इतकं एवढंसं झालं होतं, की सासूबाईंनी ठेवणीतला टोमणा परत ठेवणीत टाकला.

“तुमच्यामुळे नाही, स्प्रिंगमुळे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बसत नसता, तर ती तुटलीय हे कळलंच नसतं. टायर फुटल्यावरच कळलं असतं.”

हे खरंच होतं. बाई खोटी शाबासकी कुणाला देत नसत, पण खरी शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा होता. बोलता बोलता त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. साहेबांनी ते पाहिलं. हात थोडासा पुढे आला, आणि मग त्या हाताने स्प्रिंगचा तुकडाच धरून ठेवला.

सोमवारी सकाळी बाई गाडी बाहेर काढत होत्या, तेव्हा साहेब फाटकापाशी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला अडवून उभे होते. तुकडा हातातच होता. काही दोष यंत्राला सापडत नाहीत, त्याला अनुभवी माणूस नेमक्या जागी बसावा लागतो, असं काहीसं चाललं होतं. शेजाऱ्याला ऑफिसची घाई होती, तो सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याला सोडवायला थांबावं असं बाईंच्या मनात आलं, पण पोरं दाराशी उभी असतील. त्यांनी हॉर्न दिला, दोघे बाजूला झाले, आणि उजवीकडे वळून त्या शाळेच्या रस्त्याला लागल्या.