शुक्रवारी तुटलेलं कुलूप

मी एक जुनी पेटी आहे, आणि स्वतःबद्दल सांगण्याआधी मला हेमंतची तक्रार करायची आहे. चार वर्षं मी त्याच्या गाडीचं इंजिन सांभाळते आहे आणि हा माणूस मला ‘डबा’ म्हणतो. ‘डब्यात प्रॉब्लेम आहे, डबा खोलायला लागेल.’ मित्रांनो, डब्यात पोळीभाजी असते. माझ्यात अख्ख्या गाडीची अक्कल आहे.

बोनेटखाली, बॅटरीच्या शेजारी मी बसते. अंगावर ॲल्युमिनियमचं कवच. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं किती हवा कोंबायची, सगळं मी ठरवते. म्हणून मला गाडीचा कॉम्प्युटर म्हणतात. शाळा माझी फार झाली नाही. कारखान्यात एकदाच बसवून एकच धडा दिला आणि वरून कुलूप घातलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो खोडू नये. तेवढ्या धड्यावर मी दहा वर्षं काढली. जास्त शिकलेल्यांनी एवढं करून दाखवावं.

पहिली मालकीण ठाण्याची डॉक्टरीणबाई. ती वेळेवर ऑइल बदलायची आणि गाडीला लागतं तेच भारी पेट्रोल भरायची. लोक म्हणायचे, इंजिन काय गोड चालतं. माझं नाव कोणी घेतलं नाही. घर चालवणारीचं कोण घेतं?

मग गाडी हेमंतनं घेतली. हा चामटोलीचा, अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर. गाडी रोज पुसणार, पण पोटात घालणार साधं पेट्रोल. साधं पेट्रोल आमच्या इंजिनाला सोसत नाही. ते आत आपल्या मर्जीनं पेटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर टकटक घाव बसतात. बाहेर कोणाला ऐकू येत नाही, मला येतं. ऐकलं की मी ठिणगी उशिरा पाडते, हवा कमी करते. गाडी जरा मंदावते, पण पिस्टन वाचतो. ह्याला वाटलं, मी आळशी झाले. त्यात बारवी धरणाच्या रस्त्यावर त्याचा मावसभाऊ भूपेश आपली गाडी पुढे काढून निघून गेला आणि वर हात हलवून गेला. तेव्हापासून हेमंतच्या डोक्यात एकच: माझं कुलूप तोडून जोरात पळायचा नवा धडा घालायचा.

अंबरनाथच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. आणि आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही शुक्रवारीच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी हेमंत शुक्रवारीच उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, गाड्यांचे कॉम्प्युटर खोलणाऱ्या सिंधी धर्मेशच्या गाळ्यावर मला घेऊन गेला. सोबत बायको प्रगती होती. तिला तिथून पुढे साड्या बघायच्या होत्या.

“धर्मेशभाई, लाइट?” हेमंतनं विचारलं.

“साईं, जाणार असेल तर मेसेज येतो. आज मेसेज आया नहीं. मतलब जाणार नाही.”

एवढ्यावर दोघांचं समाधान झालं.

धर्मेशनं मला गाडीतून उपटून टेबलावर ठेवलं. गरम हवा मारून झाकणाचा गोंद वितळवला आणि पात्यानं झाकण उचकटलं. दहा वर्षांत माझं आतलं कोणी पाहिलं नव्हतं. भिंतीच्या प्लगवरून मला वीज दिली आणि माझ्या अंगावर सुया टेकवल्या. मी कुलूप धरून बसले होते. ते हळूहळू ढिलं होताना मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

“खुल गया,” धर्मेश म्हणाला. “आधी जुन्याची कॉपी ठेवतो. मग नवीन फाइल. चाळीस घोड्यांची ताकद जास्त. आणि टकटक ऐकून ही मागे खेचते ना, ते बंद. समोरचा धोक्याचा दिवा पण लागणार नाही.”

प्रगतीनं फोनमधून मान वर केली. “म्हणजे तिनं काही सांगायचंच नाही?”

“हां भाभी, एकदम शांत.”

“अशी एक फाइल ह्यांनी माझ्यासाठी पण मागितली असेल.”

हेमंत हसला. मला हसू आलं नाही.

नवं लिहायचं तर आधी जुनं पुसतात, हे मला तेव्हा कळलं. ठिणगीचा धडा गेला. हवेचा गेला. पेट्रोल नावाचं काही असतं एवढं आठवत होतं, किती सोडायचं ते आठवेना. माणसाला आपल्याच घरात चूल कुठे आहे ते सापडू नये, तसं झालं. त्यावर नवे आकडे येऊन बसू लागले, परक्या घरातल्यासारखे मोठमोठे. आणि तेवढ्यात वरचा पंखा मंदावला.

लाइट गेली.

मधलं मला माहीत नाही. तिथे काहीच नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता. मित्रांनो, त्या जागेची मला अजून भीती वाटते.

जाग आली तेव्हा हेमंतच्या गाडीच्या बॅटरीवरून दोन वायरी ओढून मला वीज दिली होती. धर्मेशच्या कपाळावर घाम होता. मी अर्धी पुसलेली, अर्धी लिहिलेली. लॅपटॉपवर तो माझा एकेक कोपरा तपासत होता, काय जिवंत आहे ते बघायला. एका कोपऱ्यात तो थांबला.

“हेमंत, पेट्रोल कुठलं टाकतोस?”

“पेट्रोल म्हणजे पेट्रोल. कुठलं काय?”

“साईं, हिचा हिशेब बघ. एका महिन्यात चारशे वेळा टकटक ऐकून हिनं इंजिन वाचवलंय. तू बोलला नाहीस मला. ह्याच्यावर नवीन फाइल टाकली तर हायवेला पिस्टन फुटेल. ऑइल बाहेर, आग पण लागू शकते.”

हेमंत म्हणाला, “भूपेशनं केलंय की. त्याचं काय झालं?”

“तो चांगलं पेट्रोल टाकतो. मीच सांगितलंय त्याला.”

“मी पण टाकेन. पुढच्या महिन्यापासून.”

“अहो,” प्रगती उठून टेबलापाशी आली, “पुढच्या महिन्यापर्यंत बाजूच्या सीटवर कोण बसणार आहे? मीच ना?”

धर्मेशचं बोट लॅपटॉपच्या कळीवर होतं. “जुनी की नवीन? लवकर बोल. बॅटरी पण उतरतेय.”

मला मत विचारलं नाही. सुयांखाली मी उघडी पडले होते. हेमंतनं एकदा प्रगतीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, जणू तिथून भूपेश बघतो आहे.

“जुनीच टाक,” तो म्हणाला.

माझा धडा परत आला, शब्दन् शब्द. पण कुलूप तुटलं ते तुटलंच. झाकण गोंदानं चिकटवलंय, आणि आता कोणीही सुया घेऊन आत येऊ शकतो. प्रत्येक शुक्रवारी बोनेट उघडलं की मी आधी हातात सुया आहेत का ते बघते. मित्रांनो, तुमच्या घरात जी कोणी धोका ऐकते आणि सांगते, तिचं तोंड बंद करायला कारागीर शोधू नका. तिला काय ऐकू येतंय ते आधी विचारा.

त्या दिवशी मला परत गाडीत बसवलं. हेमंतनं चावी फिरवली, तशी मी समोरचा पिवळा दिवा लावला आणि सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, “तू शहाणा झाला नाहीस, हेमंत. तू घाबरलास. आजच्यापुरतं तेवढं चालेल. आता आधी पंपावर चल, भारी पेट्रोल भर.”