पाटी म्हणजे शाळा

शकू येडी आहे, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. गावाचं काय जातं? दुसऱ्याच्या पोराचं नशीब बसल्या जागी लिहायला कुणाला कष्ट पडत नाहीत. सात वर्षांची पोर. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, विचारलेलं तसंच्या तसं परत म्हणायची, आणि जेवणाचा पाट रोजच्या जागेवरून हलला तरी कानांवर हात ठेवून घर डोक्यावर घ्यायची. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. बायकांत पोरीचा विषय निघणार असं दिसलं, की तिची आई सुंदरा काहीतरी निमित्त काढून उठायची. लाज वाटायची तिला पोरीची. खरं ते खरं, उगाच झाकायचं कशाला?

पंचाहत्तर साली खालापूरजवळच्या त्या गावच्या शाळेत कर्जतहून विमलबाई आल्या. असल्या पोरांना कसं शिकवायचं, हे त्यांना तरी कुणी शिकवलं होतं? पण बाई चिवट. चार महिने बघून बघून त्यांनी एक युक्ती काढली. पुढं काय होणार ते शकूला नुसतं तोंडानं सांगायचं नाही, हातात द्यायचं. पाटी दिली की शाळा. ताटली दिली की जेवण. तांब्या दिला की आंघोळ. पुढचं कळलं की पोर शांत राहायची. दिवाळी होईतो ती हजेरीला "हजर बाई" म्हणू लागली आणि पाटीवर स्वतःचं नाव काढू लागली.

"घरीही असंच करा," विमलबाईंनी सुंदराला सांगितलं. "पण एक सांभाळा. तिचा भरवसा सगळा त्या हातातल्या वस्तूवर आहे. तो खोटा पडू देऊ नका."

सुंदरानं सांभाळलंही. माघात नणंदेला, कोंडीला, बघायला पाव्हणे यायचे ठरले तोवर.

पाव्हणे मोहोपाड्याचे, मुलगा कारखान्यात कायम. असं स्थळ काय रोज चालून येतं? सासू गोदूबाईंनी सुंदराला चुलीपाशी गाठलं. "पोरीला आज कुठं तरी ठेव गं. घरात येड हाय असं त्यांनी बघितलं, तर कोंडीला काय जन्मभर घरात बसवू? भावकीला सांगून ठेवलंय मी, कोन बोलणार नाय."

सुंदरानं एका शब्दानं विरोध केला नाही. तिलाही तेच हवं होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

रविवार होता, तरी तिनं शकूच्या हातात पाटी दिली. शकू खूश होऊन निघाली. सुंदरानं तिला गोठ्यामागच्या पेंढ्याच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली. पोरीनं हूं की चूं केलं नाही. हातात पाटी होती ना.

पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई, सोनुबाई, साधी, मायाळू बाई. तिनं कोंडीची ओटी भरली. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "हजर बाई."

"कुनाचं पोर गं?" सोनुबाईनं विचारलं.

"शेजारचं," गोदूबाई म्हणाल्या.

"आन तुला काय मूलबाळ?" सोनुबाई सुंदराकडं वळली.

सुंदरानं पदर सारखा केला. "नाय," ती म्हणाली.

सोनुबाईचा चेहराच उतरला. तिनं पिशवीतून एक नारळ काढला. येताना पाव्हणे महडच्या गणपतीला गेले होते, तिथला प्रसादाचा. त्या नारळानं पाळणा हलतो म्हणतात. "माज्या लेकीसाठी घेतला व्हता," ती म्हणाली. "तिलाबी नाय अजून. पन ऱ्हाऊ दे, तिच्यासाठी परत जाईन मी. धर." आणि तिनं सुंदराच्या पदरात तांदूळ आणि तो नारळ घातला, कपाळाला कुंकू लावलं. सुंदरा वाकून पाया पडली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं तिला. पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही.

स्थळ पसंत पडलं. पाव्हणे गेल्यावर सुंदरा धावत मागं गेली. शकू पेंढ्यात मुकाट बसून होती. पाटी तिच्या नावानं भरली होती.

सोमवारी सुंदरानं पाटी हातात दिली. शकू निघाली, गोठ्याला वळसा घालून गेली आणि पेंढ्यात जाऊन बसली. सुंदरानं हाताला धरून शाळेच्या वाटेला लावलं, तर पोरीनं असा हंबरडा फोडला, की माणसं बाहेर आली. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

मग विमलबाई स्वतः आल्या. "पोर तापानं पडलीय," गोदूबाई बोलून गेल्या, पण गोठ्यामागून "हजर बाई" ऐकू आलं, तशा बाई सरळ मागं गेल्या. पेंढ्यात पाटी मांडीवर घेऊन बसलेली शकू त्यांनी कितीतरी वेळ पाहिली.

"हिला वर्गात बसवायला मला चार महिने लागले," त्या म्हणाल्या. "ही जागा कुणी शिकवली?"

गोदूबाईंनी डोळे वटारले. सुंदराची मान वर होईना.

"मी शिकवली, बाई. एका दिवसात." मग तिच्यानं थांबवेना. "पाटी देऊन कोंडली मी तिला. आन पाव्हनीला सांगितलं, मला मूल नाय. तिच्या लेकीचा नारळ पदरात घेतला मी."

सुंदराचा नवरा चांगो अंगणात होता. हे ऐकून तो हातातलं काम टाकून मागं आला.

विमलबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सुंदराला बरं वाटलं असतं. "उद्यापासून तुम्हीही शाळेत या," त्या म्हणाल्या. "सगळ्या पोरांत तिच्या शेजारी बसा. तिचा तुमच्यावर परत भरवसा बसेपर्यंत."

"आन नायच बसला तर?"

"तरी यायचं," बाई म्हणाल्या.