हिरवे बटण

मी एक जुना, बटणांचा मोबाइल फोन आहे, मित्रांनो. माझ्या पाठीला रबर बँड बांधलेला आहे, कारण त्याशिवाय झाकण जागेवर राहत नाही. पाच आणि आठ हे आकडे घासून पुसले गेले आहेत. गिरडजवळच्या एका लहानशा गावात मडावींच्या घरी मी राहतो. मागच्या दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे, तेच माझे घर. घरात त्या दारापाशीच काय ती रेंज मिळते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते हिंगणघाटच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. माझ्या शेजारी मोठ्या पडद्याचे देखणे फोन होते. गिऱ्हाईक आले की त्यांनाच हातात घेई. मी आपला कोपऱ्यात पडून वाट पाहत असे.

एके दिवशी जंगलूभाऊ मडावी आले. ते वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करत. नखांत माती होती. सोबत त्यांचा मुलगा अमर होता. अमर बारावी पास झाला होता आणि कॉलेजसाठी नागपूरला निघाला होता. त्याच्याकरता एक फोन घेऊन झाला, तेव्हा जंगलूभाऊ दुकानदाराला म्हणाले, “आता एक साधा दाखवा. बटणं अंगठ्यानं दबली पाह्यजे. घरी याच्या मायले उचलता आला पाह्यजे.”

असा मी त्या घरात आलो.

अमरची आई सुंदराबाई मला हातात घ्यायलाच तयार नव्हती. अमरने तिला मागच्या दारात बसवून शिकवले. “माय, हे पाह्य. हिरवं बटण दाबलं का मी बोलतो. लाल दाबलं का मी गप.”

“म्हंजे तुले गप करायचं बटण आता सापडलं मले!” असे म्हणून ती खळखळून हसली. धाकटी अंजू तेव्हा चौथीत होती. तिने दिवसभर हिरवे आणि लाल बटण दाबून मला अगदी हैराण केले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. अमर गेला आणि संध्याकाळी मी वाजू लागलो. मी वाजलो की सुंदराबाई हातातले पीठ तसेच ठेवून धावत येई. नागपूर लांब आहे म्हणून ती फार मोठ्याने बोलत असे. “जेवला का?” ही तिची पहिली ओरड साऱ्या गल्लीला ऐकू जाई. माझ्यासाठी तिने आपल्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनाही आपल्या लेकीशी बोलायला मीच लागे. “तुया फोन म्हंजे लेकीचं माहेरच झालं बाप्पा,” असे त्या म्हणत, आणि मला फार अभिमान वाटे.

दुसऱ्या वर्षी कापूस वेचणीचे दिवस आले. सुंदराबाई दिवसभर वेचायला जाई आणि थकून परत येई. एका संध्याकाळी अमरचा आवाज वेगळाच आला.

“आवाज काऊन असा येऊन राह्यला तुया?” तिने लगेच विचारले.

“काई नाई माय. थोडी सर्दी झाली. मी बरा आहो.”

“दवाखान्यात जाऊन ये ना बाबू.”

“हाव, जातो. तू नको फिकर करू.”

पुढच्या संध्याकाळीही तो हेच म्हणाला. त्याच्या पुढच्याही. आई-बाबा कामात आहेत, त्यांना कशाला घोर लावायचा, असे त्या भल्या मुलाला वाटले असेल. मी फक्त आवाज पोचवतो, मित्रांनो. तापलेले कपाळ मला पोचवता येत नाही.

मग एका दुपारी मी अवेळी वाजलो. सुंदराबाई शेतातून नुकतीच आली होती, घरात एकटीच होती. तिने हिरवे बटण दाबले. पलीकडे अमरसोबत खोलीत राहणारा सचिन होता.

“काकू, काका आहेत का?”

“ते नाईत. बोल ना, मी अमरची माय.”

काका कधी येतील, असे त्याने विचारले. मग त्याला ते पोटात ठेवता आले नाही. अमरला डेंगू झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

फोन कधीच बंद झाला होता, तरी सुंदराबाई मला कानाशी धरून उभीच होती. “हॅलो... हॅलो...” एवढेच ती म्हणत राहिली. जंगलूभाऊ आले तेव्हा त्यांना माझ्याभोवतीची तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

त्यानंतर तिने कोणत्याही फोनला हात लावला नाही. जंगलूभाऊंनी माझी बॅटरी काढली आणि मला एका रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले. पुढे कामासाठी त्यांनी दुसरा फोन घेतला, पण घरात पाऊल टाकण्याआधी ते त्याचा आवाज बंद करत. सारे गाव सुंदराबाईला अमरची माय म्हणायचे. हळूहळू लोकांनी तेही सोडून दिले. डब्यात मला अंधार होता, धूळ होती, एकटेपणा होता. पण त्या घरातले दुःख माझ्याहून फार मोठे होते, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

वर्षे गेली. एके दिवशी डब्याचे झाकण उघडले आणि एक तरुण चेहरा माझ्याकडे पाहत होता. ती अंजू होती, हे कळायला मला वेळ लागला. तीही बारावी झाली होती. अकोल्याच्या विद्यापीठात वनशास्त्र शिकायला तिला प्रवेश मिळाला होता. बाप ज्या झाडांची रोपे लावत आला, त्या झाडांचे शास्त्र आता लेक शिकणार होती.

तिने गिरडच्या बाजारातून माझ्यासाठी बॅटरी आणली, नवे सिम घातले, माझी जुनी धून बदलून दुसरी लावली. पुन्हा त्याच खुंटीला मला टांगले. तिथून मी त्या घराची तयारी पाहत होतो.

ती तयारी फार विचित्र होती, मित्रांनो. जंगलूभाऊंनी नवी बॅग आणली आणि येता-जाता तिची चेन ओढून बघू लागले. सुंदराबाई सकाळी बॅग भरे. कपडे, चादर, मुरमुऱ्याचा चिवडा, तिखटाची बाटली. संध्याकाळी ती सगळे पुन्हा बाहेर काढे. कुणी विचारले तर म्हणे, “चादरीले ऊन दाखवायचं आहे.” चादरीने त्या आठवड्यात जितके ऊन पाहिले, तितके साऱ्या जन्मात पाहिले नसेल.

शेवटी अंजूने तिचा हात धरला. “माय, मी जाऊ नये असं वाटते का तुले?”

“म्या कुठं म्हटलं तसं?”

“मंग बॅग काऊन खाली करून राह्यली?”

सुंदराबाई चादरीची घडी घालू लागली. अंजूने माझ्याकडे बोट दाखवले. “बाबा दिवसभर रोपवाटिकेत असते. तिथं रेंज नाई. मी दुपारी फोन केला तर कोण उचलन? तुलेच उचला लागन, माय.”

“माह्यानं होत नाई ते.”

मग सरावाला सुरुवात झाली. अंजू समोरच्या अंगणात जाऊन आपल्या फोनवरून मला वाजवी. मी वाजू लागलो की सुंदराबाई उठून विहिरीकडे निघून जाई. वाजून वाजून मी गप्प होई. एकदा जंगलूभाऊंनी अंगणातून फोन लावला. तेव्हाही ती उठली, पण या वेळी ते तिच्या मागे गेले आणि तिला परत घेऊन आले. दोघे माझ्याखाली, उंबरठ्यावर बसले.

“म्या उचलला अन् माहं लेकरू गेलं,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ऐकले नव्हते.

जंगलूभाऊंनी खाली मान घातली. “अमरची माय,” ते म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी ते नाव ऐकून ती दचकली. “तू उचलला त्याच्या आधीच तो गेलता. तू नसता उचलला तरी गेलाच असता. तुया हातानं काई नाई झालं.”

ती आपल्या आईच्या गोंडी बोलीत काही तरी बोलली आणि रडू लागली. मला ती बोली येत नाही. जंगलूभाऊंना येते. त्यांनीही तोंडाला गमछा लावला.

दुसऱ्या दिवशी तिने अंजूला जवळ बोलावले. “जाय तू. म्या अडवत नाई. पण मले खोटं सांगजो नको. ताप आला तर ताप आला म्हणजो. उपाशी असली तर उपाशी म्हणजो. माय घाबरन म्हणून काई लपवजो नको. माय घाबरली तर घाबरू दे.”

“नाई लपवत,” अंजू म्हणाली. “पण तू उचलजो.”

सुंदराबाई माझ्या पिशवीकडे पाठ करून स्वयंपाकाला लागली. त्या संध्याकाळी बॅग मात्र भरलेलीच राहिली.

जायच्या सकाळी बडादेवापुढे दिवा लागला. अंजूने आई-बाबांच्या पाया पडून बॅग उचलली. जंगलूभाऊ तिला पोचवायला अकोल्यापर्यंत गेले. सुंदराबाई एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेली आणि परत आली. आल्यावर तिने झाडून काढलेले घर पुन्हा झाडले. तीन ताटे काढली, मग दोन परत ठेवली. शेवटी एकटे ताटही तसेच झाकून ठेवले.

दोन दिवसांनी जंगलूभाऊ परतले आणि कामावर गेले. त्या दुपारी मी वाजलो.

सुंदराबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात जागीच थांबला. मी वाजत राहिलो. ती उठून माझ्यासमोर आली, पिशवीकडे पाहत राहिली, पण तिचा हात वर होईना. मी थांबलो. घर एकदम शांत झाले. तिच्या तोंडून एक कण्हणे निघाले, पुन्हा कुणी तरी निघून गेल्यासारखे.

थोड्या वेळाने मी पुन्हा वाजलो. तिने पदराला हात पुसले, मला पिशवीतून बाहेर काढले आणि डोळे मिटून बटण दाबले. तिचा धापा टाकणारा श्वास तेवढा पलीकडे गेला.

“माय? माय, तूच आहे ना?”

“हं.”

“माय...” अंजूचा आवाज फुटला. “मी बिलकुल बरी नाई, माय. मले इथं करमून नाई राह्यलं. खोलीत कोणी ओळखीचं नाई. काल रातच्याला जेवली नाई मी. रडूनच राह्यली.”

सुंदराबाई खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तिचे खांदे सैल पडले. “रड बाई,” ती म्हणाली. “रडून घे. म्या फोन ठेवत नाई.”

लेक तिकडे रडत होती, आई इकडे ऐकत होती. मी मधोमध होतो आणि कानशिलाशी गरम झालो होतो. रडणे ओसरल्यावर सुंदराबाईने तिला मेसमध्ये जाऊन जेवायला लावले. अंजू जेवली आणि तसे सांगायला पुन्हा फोन केला. तोही तिने उचलला.

संध्याकाळी जंगलूभाऊ आले तेव्हा ती उंबरठ्यावर मला मांडीत घेऊन बसली होती.

“उचलला?” त्यांनी हळूच विचारले.

“हाव.”

“काय म्हणे पोट्टी?”

“रडून राह्यली म्हणे.”

“अन् तू काय म्हटलं?”

“म्या म्हटलं, रडून घे. अन् मी बी रडली.”

ते तिच्या शेजारी बसले.

मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागलो, म्हणून त्या घरातले दुःख सरले असे समजू नका. अजूनही मी वाजलो की सुंदराबाईचा चेहरा पांढराफटक होतो. पलीकडे अंजू आहे हे कळेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असतो, आणि तो मला ऐकू येतो. हे तिचे दुखणे माझ्याने बरे होणार नाही.

तुम्हीही एक दिवस शिकायला घर सोडाल. तुमचे आई-बाबाही अशीच बॅग भरतील, पुन्हा रिकामी करतील, आणि तुमच्यासमोर हसतील. तेव्हा माझ्यासाठी एवढे करा. घरी फोन करत राहा, आणि जे असेल ते सांगा. दुखत असेल तर कुठे दुखते ते सांगा. तुमची माय रात्रभर जागी राहील, राहू द्या. सकाळी पहिल्या गाडीने ती तुमच्यापर्यंत पोचू तरी शकेल.