खेळ कुठला काढायचा

संघप्रियानं दप्तरातून पत्त्यांचा कॅट काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"आज माझा नंबर हाय. मेंढीकोट खेळायचं."

तिची आजी, पारूबाई, शेंगदाणे सोलत होती, तिचे हात थांबले. वडील, प्रसेनजीत, भिंतीला टेकून बसले होते, ते आणखी भिंतीला चिकटले. स्वयंपाकघराच्या दारातून आईनं, रूपालीनं, ते लाल पाठीचे पत्ते बघितले आणि गॅस बंद केला.

गेले चार रविवार या घरात खेळ कुठला काढायचा हा प्रश्न सोयरीक जमवण्याएवढा नाजूक होऊन बसला होता. समुपदेशक मॅडमनी प्रसेनजीतसाठी सांगितलं होतं, रविवारी संध्याकाळी पाच ते सात हा त्यांचा जुना जुगाराचा वेळ, त्या वेळेला त्यांना मोकळं बसू देऊ नका, घरात सगळ्यांनी मिळून काहीतरी खेळा आणि फोन लांब ठेवा. खेळ कुठला ते मॅडमनी सांगितलं नाही, आणि घोळ तिथंच झाला. मोबाईलवरच्या रमीनं माणूस हातचा जायची वेळ आली होती, म्हणून पत्ते बाद. पारूबाईनं तर घरातला जुना कॅट बंबात घातला होता, जणू त्या बावन्न पानांनीच लेकाला फूस लावली होती. रमीच्या आधी तो मोबाईलवर लुडो खेळायचा, म्हणून फासा बाद, आणि फासा गेला तशी सापशिडीही गेली. कॅरमला पैज लागते म्हणून रूपालीनं बोर्ड माळ्यावर टाकला. उरलं काय, तर भेंड्या आणि काचापाणी. शिरोलीच्या कारखान्यात मालाची तपासणी करणारा अडतीस वर्षांचा गडी फुटक्या बांगड्यांचे तुकडे बोटानं सरकवत बसायचा, आणि त्याची बायको समोर बसून त्याच्या बोटांकडं बघत राहायची.

बघायला कारण होतं. ऑगस्टमध्ये खो-खोच्या सामन्यासाठी तो लेकीला घेऊन जयसिंगपूरला गेला होता. परतताना त्यानं तिला एस.टी. स्टँडवर बाकड्यावर बसवलं, गाडी कधी आहे बघून येतो म्हणाला, आणि कँटीनमध्ये मोबाईल उघडून बसला. अडीच तास. कोल्हापूरच्या चार गाड्या सुटल्या. शेवटी एका कंडक्टर बाईनं पोरीला हाताला धरून स्टँडभर फिरवलं तेव्हा तो सापडला, आणि सापडल्यावरही त्याला मान वर करायला वेळ लागला. घरी आल्यावर पोर रडली नाही. तिनं बापाला काही विचारलंही नाही, आणि रूपालीला त्याचीच जास्त भीती वाटली. तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं, पुन्हा असं झालं तर मी संघूला घेऊन राधानगरीला माहेरी जाणार आणि परत येणार नाही. ती हे रागानं बोलली नव्हती, म्हणून ते दोघांनाही खरं वाटलं होतं.

"कॅट कुणी दिला तुला?" रूपाली सतरंजीपाशी आली.

"वर्षाराणी आत्यानं. दिवाळीच्या सुट्टीत हातकणंगल्याला रोज खेळालतो आम्ही."

"दुसरं कायतरी काढ. भेंड्या काढ."

"भेंड्या दोनदा झाल्या की. दर रविवारी तूच ठरवालीस मम्मी. मॅडम म्हटल्यात, सगळ्यांनी निवडायचं."

"तुम्ही तिघी खेळा," प्रसेनजीत म्हणाला. "मी बसत न्हाय."

"तिघींत मेंढीकोट हुत न्हाय. चारच लागत्यात." संघप्रियानं कॅट उघडला. "पप्पा, तुम्ही माझे भिडू."

प्रसेनजीतनं बायकोकडं बघितलं. परवानगी मागणारी ती नजर रूपालीला अजिबात आवडायची नाही. नवरा असा बघायला लागला की तिला आपण जेलर झाल्यासारखं वाटायचं.

"बस रं," पारूबाई म्हणाली.

"आत्ती, पत्ते हायत ते," रूपाली सासूला म्हणाली.

"दिसत्यात मला. पोरगी मागालीय न्हवं? काचापाणीपायी माझ्या जुन्या बांगड्या सगळ्या फुटल्या. आता हातातल्या फोडू काय?"

रूपालीला हसू आलं नाही, पण ती बसली. समोरासमोरचे दोघं भिडू, त्यामुळं एका बाजूला सासू-सून आणि एका बाजूला बाप-लेक असा डाव लागला. मेंढीकोटात सगळा जीव चार दश्श्यांत, म्हणजे दहाच्या पानांत. जास्त दश्श्या ज्यांच्याकडं ते जिंकले, आणि चारही घेतल्या तर समोरच्यांवर कोट. कोट बसलेल्याची चेष्टा पुढची दिवाळी येईपर्यंत चालते.

"मी वाटतो," संघप्रिया म्हणाली आणि जिभेचं टोक बाहेर काढून पानं वाटू लागली.

प्रसेनजीतनं तेरा पानं उचलली. अंगठ्याच्या एका दाबासरशी ती हातात पंख्यासारखी पसरली. त्याची बोटं काहीच विसरली नव्हती. तो मात्र मुद्दाम हळू खेळत होता, चांगलं पान हातात असताना वाईट टाकत होता. दोन हात लेकीनं सहन केलं.

"पप्पा, नीट खेळा की."

मग तो नीट खेळला. पडलेलं प्रत्येक पान त्याच्या ध्यानात राहत होतं. त्याचे डोळे चमकायला लागले, पाठ भिंतीपासून सुटली, आणि रूपालीला स्वतःच्या पानांपेक्षा त्याचाच चेहरा जास्त दिसत होता. तीन दश्श्या बाप-लेकीनं नेल्या. संघप्रियानं टाळीसाठी हात पुढं केला, त्यानं टाळी दिली.

"अजून एक?" त्याच्या तोंडून गेलं. लगेच त्यानं जीभ चावली. "न्हाय म्हटलीस तर ऱ्हाऊ दे."

साडेसहा वाजून गेले होते. नाही म्हणायला हीच वेळ होती, हे रूपालीला कळत होतं. पण तिन्ही दश्श्या शेवटच्या चार हातांत गेल्या होत्या, त्यातली एक तर तिच्या चुकीनं, आणि ते तिला खुपत होतं.

"एक," ती म्हणाली. "वाटा."

राधानगरीच्या पावसात चार महिने घराबाहेर पडायची सोय नसायची. तिथं लहानपणी ती चुलत्यांच्या मांडीला मांडी लावून मेंढीकोट खेळली होती, आणि बाराव्या वर्षी तिनं थोरल्या चुलत्यावर कोट चढवला होता. लग्न झाल्यापासून पत्त्याला हात लागला नव्हता. आता पानं हातात आली तशी ती भराभर रंग लावायला लागली. इस्पिकची सात पानं होती. तिसऱ्याच हाताला बदाम आले, तिच्याकडं बदाम नव्हते, आणि तिनं इस्पिक टाकून हुकूम केला. पहिली दश्शी तिथंच पडली.

"आगं, कुठं शिकलीस?" पारूबाई म्हणाली.

रूपालीनं ऐकलं नाही. दुसरी दश्शी तिनं राजाखाली ओढली. तिसरी पारूबाईनं आणली, तेव्हा सुनेनं सासूच्या गुडघ्यावर थाप मारली. असं ती दहा-बारा वर्षांत कधी वागली नव्हती. प्रसेनजीत हसला. तो हसला हे तिला दिसलं नाही. त्याच्या बोटांकडं बघायचंही केव्हाच राहून गेलं होतं.

तीन हात उरले. उतारी रूपालीची होती आणि तिच्या हातात हुकमाची तीन पानं होती, तिन्ही वरची. बाहेर एकच दश्शी होती, चौकटची. ती कुणाकडंही असली तरी या तीन हातांत पडणारच होती. कोट झाल्यात जमा होता. तिला गुदगुल्या होत होत्या. तिनं एक्का उचलला.

"पप्पा, कार्डशीट राहिली." संघप्रिया घड्याळाकडं बघत होती. "उद्या प्रकल्प द्यायचाय. दुकान सातला बंद हुतंय."

सातला दहा कमी होते.

प्रसेनजीतनं हातातल्या तीन पानांकडं एकदा बघितलं. मग ती सतरंजीवर पालथी ठेवली आणि उठला.

"चल. चप्पल घाल."

"थांबा की," रूपाली म्हणाली. "तीनच पानं राहिल्यात."

"दुकान बंद हुईल, मम्मी."

"हुईना. सकाळी घेऊया. बसा वो खाली, दोन मिनिटांचं काम हाय."

संघप्रियाच्या एका पायात चप्पल होती. ती दारात तशीच उभी राहिली आणि आईकडं बघत राहिली. रागानं नाही. दोन मिनिटं किती लांबतात हे ठाऊक असलेली ती पोर आई पुढं काय करते याची वाट बघत होती.

प्रसेनजीतला आता बरंच काही बोलता आलं असतं. त्यानं वाकून लेकीची दुसरी चप्पल सरळ करून दिली.

"जाऊन येतो," तो बायकोला हळू म्हणाला. "तू बस."

जिन्यावर दोघांची पावलं वाजली. संघप्रियानं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी उत्तर दिलं, आणि खालचं फाटक लागलं. पारूबाई शेंगांची टरफलं गोळा करून सुपात भरायला लागली. रूपालीचा हात अजून तसाच होता, एक्का वर उचललेला. तिला लाज वाटली. कान तापले, इतकी लाज वाटली. पानं खाली ठेवून आत जावं, कुकर लावावा, असं तिनं मनाशी म्हटलं.

पारूबाई सूप घेऊन आत वळली तेव्हा रूपालीनं वाकून नवऱ्याची पानं उलटली. मधलं पान चौकटची दश्शी होतं. आधी तिला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि मग त्या आनंदालाच ती घाबरली.

"काय करालीस गं?" आतून पारूबाईनं विचारलं.

"काय न्हाय, आत्ती," रूपाली म्हणाली, आणि तिन्ही पानं होती तशी पालथी घातली.