शकुंतलाबाईंचा तंबोरा

मी तंबोरा. गाणाऱ्याच्या मागे बसणारा, म्हणून माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही. आज मात्र जरा पुढे सरकून बसलोय. मला माझ्या बाईंबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म मिरजेचा. एका कारागिराने वाळलेला भोपळा पोखरला, त्याला दांडी जोडली, चार तारा चढवल्या आणि घोडीवर जवारी लावून मला बोलतं केलं. तिथून मी आलो तो थेट भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरला. शकुंतलाबाई तिथल्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या. एसटीत कंडक्टर म्हणाला, "सामान वर टाका." बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तसंच धरलं. हातांना मुंग्या आल्या असतील, पण त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

बाईंनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि मी. पहाटे त्या माझे कान पिळायच्या, म्हणजे खुंट्या. मग डोळे मिटून लांब षड्ज लावायच्या. शेजारच्या घरांत चुली तेव्हाच पेटायच्या. संध्याकाळी सतरंजीवर मुली दाटीने बसायच्या. धानाच्या शेतातून थेट आलेल्या, पायाला चिखल असलेल्यासुद्धा. बाई कुणाला परत पाठवत नसत.

त्यांना आणखी एक ध्यास होता, रोवणीच्या गाण्यांचा. पावसाळ्यात बायका वाकून, मागे मागे सरकत धान रोवतात आणि गातात, ती गाणी. सुटी मिळाली की बाई गावोगाव हिंडायच्या. एकदा आभाळ उघडलेलं बघून मलाही नाकाडोंगरीकडे नेलं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला पाहून कुंताबाई नावाची म्हातारी कंबर सरळ करून उभी राहिली.

"काहून वो मॅडम, येवढा मोठा भोपळा कायले आणला? भाजी करता का याची?"

"भाजीले नाही, कुंताबाई. तुमच्या संगं गायाले आणला."

बायका खूप हसल्या. मग कुंताबाईंनी गाणं उचललं, ते माझ्या सुरापेक्षा कितीतरी वर. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. माझ्याच तारा ताणत ताणत त्या आवाजापर्यंत नेल्या. तुटतो की काय असं मला वाटलं, पण तुटलो नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा उघड्या आभाळाखाली वाजलो.

वर्षानुवर्षं जमवलेल्या त्या गाण्यांवर बाईंनी ग्रंथ लिहिला. नागपूरच्या विद्वानांसमोर त्या बोलल्या. तिथे टाळ्या झाल्या, शाल मिळाली. परत आल्यावर त्यांनी ती शाल कुंताबाईंना नेऊन दिली.

नंतर बाईंचा आवाज बसू लागला. आधी खडीसाखर झाली, मग काढे झाले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं.

घरी आल्यावर बाईंनी मला मांडीवर घेतलं, नीट जुळवलं आणि छेडलं. मी षड्ज दिला. पुढे कुणी आलंच नाही. मी वाजत राहिलो आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. हात वर नेऊन चढा स्वर दाखवायच्या, खाली आणून उतरता. मुली चुकल्या की माझी तार पुन्हा छेडायच्या. पण एक दिवस दाराबाहेर एक आई म्हणाली, "मॅडमचा आवाजच गेला, त पोरीले शिकवतीन कशा?" बाईंना ऐकू छान येत होतं. सतरंजी हळूहळू रिकामी झाली. मग तिची घडी झाली. मग ती पेटीत गेली.

खुशबू मात्र यायची. लाखांदूरच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी बाईंच्याच हाताखाली तयार झाली होती, आणि आता शहापूरच्या एका शाळेत संगीत शिकवत होती. मागच्या दिवाळीत आली तेव्हा बाईंनी मला घेतलं आणि तिला खूण केली, गा. ती गाऊ लागली. मी बाईंच्या खांद्याला टेकलेलो होतो, म्हणून मला कळलं, त्याही गात होत्या. ओठ हलत होते, छाती भरून येत होती, फक्त सूर निघत नव्हता.

खुशबूने ते पाहिलं. "मॅडम, थांबू का?"

बाईंनी मान हलवली. थांबू नको.

गाणं संपल्यावर त्यांनी मला पुसलं, गवसणी चढवली आणि खुशबूच्या पुढ्यात ठेवलं. ती मागे सरकली.

"मी नाही नेत, मॅडम. हा गेल्यावर तुमच्याजवळ कोण राहीन?"

बाईंनी पाटी घेतली. लिहिलं: 'याला आवाज लागतो.'

खुशबू रडली. बाई रडल्या नाहीत. स्टँडपर्यंत स्वतः आल्या, मला खिडकीशी नीट बसवलं, गवसणीची नाडी सुटली होती ती बांधली. गाडी सुरू झाली तशा इंजिनाच्या थरथरीने माझ्या तारा आतल्या आत वाजू लागल्या. खिडकीतून पाहिलं तर बाई पाठ फिरवून चालू लागल्या होत्या.

आता मी शहापुरात आहे. इथे मुलं आहेत, गडबड आहे, रोज कुणीतरी माझ्यासोबत गातं. तंबोऱ्याला आणखी काय हवं असतं? तरी वर्ग सुटला, खोलीला कुलूप लागलं, की मला लाखांदूरचं ते घर दिसतं. खुशबूलाही घरसंसार आहे. तिचं जाणं आता सणावारीच होतं.

माझ्यासाठी काही मागायचं नाही. पण कधी लाखांदूरला गेलात, तर शकुंतलाबाईंचं घर विचारा. कुणीही दाखवील. बाई चहा करतील. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे आलेला माणूस अवघडतो, कप ठेवतो आणि 'येतो' म्हणून लगेच उठतो. तुम्ही तसं करू नका. काही बोलायला हवं असं नाही, गायला तर नाहीच. मी आयुष्यभर तेवढंच केलं आहे. नुसतं शेजारी बसायचं.

चहा संपला तरी थोडा वेळ बसा.