बारा मशिनींची बाधा

अमावस्येच्या सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान अंबडच्या एका मोकळ्या प्लॉटवर बारा मशिनी एकामागोमाग मेल्या. बारा म्हणजे मोजून नऊ. पण चमत्कार सांगताना एवढं कमीजास्त चालतं.

मरणही साधं नव्हतं. प्रत्येक मशीन चांगली गुरगुरत असताना एकदम धापा टाकू लागायची, तीन-चार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. प्रत्येक आचक्याला मधल्या खुर्चीवर बसलेले यंत्रनाथ महाराज बोट वर करून म्हणायचे, "आलं. बाहेर आलं." सगळा प्लॉट हात जोडून उभा होता. कारखान्यांतून सुटलेली रात्रपाळी घरी जायचं विसरली होती. वडापाववाल्यानेही हात जोडले होते, त्यामुळे कढईतले वडे जळाले. त्या दिवसाचं ते पहिलं नुकसान.

मशिनी म्हणजे छोटी पोकलेन. दीड-दोन टनांची, रबरी पट्ट्यांवर रांगणारी, द्राक्षबागेत पाइपलाइनचे चर खोदणारी. बारा मालकांच्या बारा. अमावस्येला जमिनीत बकेट घालायची नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. या बाराजणांनी मात्र त्या नेमातून एक शहाणपणाची गोष्ट काढली होती. सुट्टी आहेच तर सगळ्यांनी प्लॉटवर जमायचं आणि मशिनी दुरुस्त करायच्या. त्यातही एक अट. आपल्या मशीनला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याने लावायचा. कारण स्वतःच्या मशीनची खुटखुट माणसाला अंगाई वाटते, दुसऱ्याला ती खुटखुटच ऐकू येते. जोड्या ठरलेल्या होत्या. चार वर्षं हे चाललं होतं आणि त्यात कोणालाही काही अलौकिक वाटत नव्हतं. बहुधा तेच कमी पडलं.

महाराजांना आणलं गोरक्षने. हा गटाचा म्होरक्या. त्याची मशीन पंचवटीत एका गल्लीत दोनदा बंद पडली होती आणि तिथेच त्याला महाराज भेटले होते. महाराजांचं म्हणणं सोपं होतं. माणसाच्या भुताला कवटी लागते, यंत्राच्या भुताला टाकी. जमीन उकरताना खालचं काय काय वर येतं, ते जाणार कुठे? शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात, ते कोणी विचारलं नाही. शास्त्राला पत्ता विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

विधी असा. आदल्या संध्याकाळी सगळ्या टाक्या काठोकाठ भरायच्या, कारण रिकाम्या पोटी देव येत नाही. सकाळी महाराजांचा शिष्य, अमोल नावाचा टकला, पन्नाशीचा गृहस्थ, प्रत्येक मशीनला शेंदूर फासणार. बॉनेटवर एक बोट, बकेटवर एक बोट आणि डिझेलच्या झाकणावर मात्र सढळ हाताने. मग मशिनी चालू ठेवायच्या आणि भूत कधी घाबरतं याची वाट बघायची.

मशीन मेली की महाराज खुर्चीवरून उठायचे, लिंबू ओवाळायचे आणि झाकण किंचित फिरवायचे. आतून आवाज यायचा, फुस्स. बायका पोरांना मागे ओढायच्या. मग महाराज म्हणायचे, "यंत्राचा डोळा उघडा." म्हणजे चावी अर्धी फिरवून ठेवायची. त्यानंतर एकशे आठ वेळा मंत्र, आणि मग स्टार्टर. मशीन लगेच चालू. अमोल फडक्याने झाकणावरचा शेंदूर स्वच्छ पुसून घ्यायचा, कारण भुताचं उष्टं अंगावर ठेवू नये.

तीन मशिनी मेल्याच नाहीत. महाराजांनी त्यांना निष्पाप ठरवलं. त्यातली एक झुंबर अहिरेची. झुंबर मूळचा नामपूरचा, साठीकडे झुकलेला, मितभाषी माणूस. त्याची मशीन गटातली सगळ्यात म्हातारी. महाराजांनी तिच्या बकेटवर हात ठेवून सांगितलं की हिच्या अंगात देव आहे, हिला आता पाना लावू नका, देवाला लोखंड टोचतं. झुंबरचे डोळे भरून आले. आयुष्यात त्याच्या कुठल्याही वस्तूला पहिल्यांदाच कोणी चांगलं म्हटलं होतं.

सगळ्यात आधी मेली ती उज्वला गांगुर्डेची. ही गटातली एकुलती एक बाई. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालेली, आठ वर्षं कारखान्यात काढून मग स्वतःची मशीन घेतलेली. तिची मशीन इतकी निगुतीची की बाकीचे तिला नवरी म्हणायचे. मशीन मेली तेव्हा महाराज अजून खुर्चीवरून उठायचे होते. उज्वलाने कोणाही मेकॅनिकने केलं असतं तेच केलं. डिझेल बघायला झाकण उघडलं. फुस्स. झाकण तिने उलटं करून बघितलं, सुलट करून बघितलं, नखाने शेंदूर खरवडला. शेंदरात मेण होतं. आणि मेणाखाली, झाकणाला मुळातच असतं ते सुईएवढं भोक पक्कं बुजलेलं होतं.

तिने फोटो काढला आणि जागेवरच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं, "भूत इथे आहे. टाचणीने निघतं."

बाराजण मोबाइल बघत होते, अकराजणांनी मान वर केली ती महाराजांकडे. महाराज रागावले नाहीत. रागावणारा बुवा कच्चा. त्यांनी फक्त सुस्कारा टाकून विचारलं की ही ताई लिंबू बांधत नाही ना, नारळ फोडत नाही ना? नाही. मग सर्वांत आधी बाधा हिच्याच मशीनमध्ये का निघाली, हे मी सांगायला हवं का? सांगायला नको होतं. उज्वला कोणत्या वस्तीतली, तिच्या घरात कोणाचा फोटो, हे अकराजणांना चार वर्षं माहीत होतं. त्या दिवशी ते त्यांना आठवलं.

दुपारी गोरक्षने तिला गटातून काढलं आणि पान्यांची सामाईक पेटी तिच्या घरून नेली. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, माझं वैयक्तिक काही नाही. पण देवाच्या शेंदराला नख लागलं, ते बरं नाही झालं."

ती म्हणाली, "झुंबरदादांची मशीन माझ्या जोडीला होती. आता ग्रीस कोण भरणार?"

"तिला लागत नाही आता."

छोटं पोकलेन एकट्याने चालवता येतं, एकट्याने सांभाळता येत नाही. तीन आठवड्यांनी पिंपळगावकडे एका द्राक्षबागेत चर खोदताना उज्वलाच्या मशीनचा पट्टा उतरला. तो चढवायला एकाने आत बसून लिव्हर धरावं लागतं आणि दुसऱ्याने खाली पहारीने पट्टा ढकलावा लागतो. तिने अकराजणांना एकेक करून मेसेज केला. अकराही जणांनी वाचला, निळ्या खुणा तशा दिसत होत्या. दोघे तर त्या दिवशी शेजारच्याच बागेत होते. एकट्या बाईने उतरून ढकलायचं, चढून लिव्हर हलवायचं, पुन्हा उतरायचं, असं दोन दिवस केलं. पट्टा चढला. काम तोवर बागवाल्याने दुसऱ्याला दिलं होतं. त्या दुसऱ्याचं नाव गोरक्ष.

प्लॉटवर अमावस्या आता नुसती पूजेची झाली. पेटी उघडायची ती हळदीकुंकू वाहायला. ग्रीसगनला हार घातला होता. हार चांगला होता.

तिसऱ्या महिन्यात झुंबरच्या निष्पाप मशीनच्या बकेटची पिन कोरडी पडून झिजली आणि एका सकाळी सरकून बाहेर आली. बकेट खाली आली. खाली झुंबरचा उजवा पाय होता. तीन बोटं गेली. महाराज स्वतः दवाखान्यात भेटायला गेले आणि त्यांनी हिशेब समजावून सांगितला: देवाला पाय हवा होता, मी तीन बोटांवर मिटवलं. झुंबरने पडल्या पडल्या त्यांचे पाय धरले. त्यांची बोटं दहाही शाबूत होती.

पुढच्या अमावस्येला महाराजांचं प्रवचन ठरलं. विषय: तीन बोटांचा महिमा. झुंबरला पुढे खुर्चीवर बसवलं होतं, बँडेजचा पाय स्टुलावर, सगळ्यांना दिसेल असा. कर्ण्यासाठी महाराजांनी आपला छोटा पेट्रोल जनरेटर आणला होता. उज्वला सकाळी लवकर आली, पदर डोक्यावरून घेऊन, आणि अमोलकडे चिमूटभर शेंदूर मागितला. पश्चात्ताप झालेली बाई बघून अमोलला भरून आलं, त्याने वाटीच दिली. जनरेटरची टाकीही मीच भरते, एवढी सेवा घडू द्या, असं ती म्हणाली. घडू दिली.

प्रवचन रंगलं. महाराज देवाच्या दातापर्यंत आले होते. "त्याने एक बोट चावलं, दुसरं चावलं, ति—" आणि कर्णा गप्प झाला. जनरेटरने आचके दिले आणि तो मेला.

माणसाचं खरं काय ते अशा वेळी डोळ्यांत दिसतं. महाराजांची नजर स्टार्टरच्या दोरीकडे गेली नाही, प्लगकडे गेली नाही. ती थेट झाकणाकडे गेली. झाकण शेंदराने लालभडक होतं.

उज्वला पुढे आली. "महाराज, बाधा झाली. मी केली, तुमच्याच वाटीतल्या शेंदराने. आता काढा." गोरक्ष उठायला लागला, तशी ती त्याला म्हणाली, "बस रे. मंत्र म्हणू दे त्यांना. फक्त झाकणाला हात लावायचा नाही."

महाराज म्हणाले की पेट्रोलची बाधा वेगळी असते.

"झाकण तेच आहे," उज्वला म्हणाली. "तुम्ही दीक्षेच्या आधी मांडववाल्याकडे जनरेटरवरच होतात ना? अमोलदादांनी मघाशी कौतुकाने सांगितलं."

गर्दीत कोणीतरी हसलं. पहिलं हसू फार महाग असतं, पुढची स्वस्त. महाराजांनी मंत्र सुरू केला. एकशे आठ झाले. गोरक्षने दोरी ओढली. नाही. आणखी एकशे आठ. तेवढ्यात ऊन चढलं, महाराजांच्या कपाळावरचं गंध नाकावर आलं. गोरक्षने एकवीस वेळा दोरी ओढली, मी प्लॉटसमोरच्या माझ्या घराच्या गॅलरीतून मोजत होतो. मग उज्वलाने दोन बोटांनी झाकण सैल केलं. फुस्स. मिनिटभर थांबली आणि म्हणाली, "ओढ." पहिल्या ओढीत जनरेटर चालू झाला. कर्णाही जागा झाला आणि त्यातून महाराजांचा धापा टाकणारा श्वास सगळ्या अंबडला ऐकू गेला.

गोरक्षची बायको लंकाबाई पुढेच बसली होती. उज्वलाने तिला विचारलं, "वहिनी, तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडता?"

"एकाने तेल येत नाही. दुसरं वाऱ्याला लागतं," लंकाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता नवऱ्याकडे वळून बघू लागली. ते बघणं गोरक्षला पुढे बरेच महिने पुरलं असावं.

बाकी सगळं तेवढ्यातच आलं. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. भोक बुजवलं की टाकी डिझेल सोडत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली की हे लवकर होतं, म्हणून भरल्या पोटाचा देव. चावी अर्धी फिरवली की छोटा पंप डिझेल पुन्हा वर ओढतो, त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लांब मंत्र. आणि त्या तीन निष्पाप मशिनी? त्यांच्या झाकणाचं रबर कुजलेलं होतं. हवा बाजूने शिरत होती. देव नव्हता, हयगय होती.

महाराज आणि अमोल केव्हा सटकले ते कळलं नाही. जनरेटर राहिला. दहाजण जमिनीकडे बघत उभे होते. माफी कोणी मागितली नाही. एकाने एवढंच विचारलं की ताई, माझ्या मशीनचा पट्टा सैल वाटतोय, बघतेस का जरा.

झुंबर मात्र खुर्चीतून उठला नव्हता. इतके दिवस त्या पायाने त्याला पुढची खुर्ची मिळवून दिली होती. कळ आली की माणूस घरच्या बोलीत जातो.

"मंग मना बोटे फुकट गयात का, ताई?"

प्लॉटवरच्या प्रत्येकाला वाटत होतं की तिने आता काहीतरी खोटं बोलावं. त्याच्यासाठी नाही, ऐकणाऱ्यांच्या आपापल्या सोयीसाठी.

"हो दादा," उज्वला म्हणाली. "दोन चमचे ग्रीसमध्ये वाचली असती."

तो रडला. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण ठेवायचा हक्क कोणालाच नव्हता.

देवाला काय वाहायचं ते प्रत्येकाने आपापल्या घरी वाहावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त कोणी चमत्कार दाखवला की त्याला एकदा म्हणा, झाकणाला हात न लावता करून दाखव. आणि टाचणी घेऊन कोणी पुढे आलं, तर त्याची जात बघण्याआधी भोक बघा. एवढं जमलं तरी पुष्कळ बोटं वाचतील.

उज्वलाने पेटी उघडली, ग्रीसगनच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला आणि ती झुंबरच्या मशीनखाली शिरली. जोडी ठरलेली होती.