बारावं पाकीट

“थांबा! या पाकिटात कुणाचं तरी मन रडतंय!”

असं म्हणून अंतर्नेत्र गुरुजींनी बंद पाकीट कपाळाला लावलं आणि डोळे मिटले. सातवीच्या वर्गात मुलांच्या बाकांवर कसेबसे गुडघे कोंबून बसलेले बारा शिक्षक श्वास रोखून बघू लागले. दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी तर हातच जोडले.

“लहरी येताहेत. आधी अल्फा, मग बीटा. वर्गाकडे पाठ केली की मुलं गोंगाट करतात. पंचवीस वर्षं शिकवूनही आवाज चढवावा लागतो, याची खंत आहे. कोण आहे ही माउली?”

“माझीच चिठ्ठी,” मोठ्या बाई उठून म्हणाल्या.

गुरुजींनी पाकीट फाडलं, आतली चिठ्ठी निरखली, “अगदी शब्द न् शब्द!” म्हणून मान डोलावली आणि चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. मग दुसरं पाकीट कपाळाला. “प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सापडत नाही.” विज्ञानाचे सर ताडकन उभे! तिसरं, चौथं, पाचवं... बारा पाकिटं, बारा अडचणी, एकही चूक नाही. चित्रकलेच्या बाईंच्या डोळ्यांतून तर पाणीच आलं.

आता ही बैठक होती कसली, तेही सांगायला हवं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून ती भरायची आणि ती चालवायची जबाबदारी मोठ्या बाईंकडे होती. चालवायची म्हणजे काय, तर बाई कागद वाचायच्या, “काही शंका?” विचारायच्या आणि कुणी तोंड उघडायच्या आत “नाही ना? छान!” म्हणून चहा मागवायच्या. ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य इतिवृत्तात शुक्रवारीच लिहून तयार असायचं. लोक बैठकीत घड्याळाकडे बघत बसतात, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं आणि मनातून लागतही होतं. म्हणून तर कुणीतरी या गुरुजींचं नाव सुचवल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी झेललं.

त्या दिवशी बैठकीआधी गुरुजींनी त्यांना जिन्यापाशी गाठलं होतं. “बाई, पहिली चिठ्ठी आपली म्हणायला कुणी धजत नाही हो. सगळे लाजतात. मी पहिलं काहीतरी सहज बोलेन, तुम्ही ‘माझीच’ म्हणा. वातावरण मोकळं होईल. पुढची अकरा माझी साधना बघून घेईल. आणि हो, तुमच्या पाकिटाचा कोपरा जरा दुमडून ठेवा.”

बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. एवढंसं खोटं, तेही चांगल्या कामासाठी. पुढची अकरा पाकिटं धडाधड खरी निघाली तेव्हा त्या स्वतःच थक्क झाल्या. पहिलं तेवढं नाटक होतं, पण बाकीचं खरं! अशी ही गंमत. फसवणुकीत हात असूनही बाई फसल्याच.

नव्या बाई पाचवीला गणित शिकवायच्या. त्यांच्या चिठ्ठीत होतं की, एक मुलगी फळ्यावरची गणितं चुकीची उतरवते, तिच्यासाठी काय करावं? गुरुजींनी उपाय झटक्यात सांगितला. “चर्मचक्षू हाच अडथळा! चष्मा काढा. एकवीस दिवसांत अंतर्नेत्र उघडेल. अशी कच्ची मुलं वीस तरी असतील ना? पुढच्या शनिवारी यादी द्या, माझ्या शिबिरात घेतो. वह्या नकोत, पुस्तकं नकोत, चष्मे तर नकोतच.”

“पण तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलाय चष्मा,” नव्या बाई चाचरत म्हणाल्या.

“तुम्ही अजून नव्या आहात,” मोठ्या बाईंनी त्यांना तिथेच गप्प केलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण मुलीची आई शाळेसमोरच शिवणकाम करायची. बाई स्वतः तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, “काढून ठेवा चष्मा. माझ्यावर विश्वास आहे ना?”

बुधवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी जिन्यावरून पडली. शेवटची पायरी तिला दिसलीच नाही. भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विचारलं, “हिचा नंबर वाढलाय, म्हणून फळा नीट दिसत नव्हता. आणि तुम्ही आहे तोही चष्मा काढलात? कुणाचं डोकं हे?”

संध्याकाळी नव्या बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. “मोठ्या बाई, रागवा हवं तर, पण एक विचारते. ज्याला बंद पाकिटातलं दिसतं, तो प्रत्येक पाकीट फोडून आत का बघतो?”

प्रत्येक कागद फाइलला लावायची मोठ्या बाईंना सवय होती, म्हणून शनिवारची पाकिटंही त्यांनी कपाटात ठेवली होती. त्यांनी गठ्ठा टेबलावर ओतला. अकरा पाकिटं फाडलेली होती. बारावं मात्र डिंक लावलेलं तसंच होतं, आणि त्याचा कोपरा दुमडलेला.

“हे कुणाचं?” नव्या बाईंनी विचारलं.

पाकीट मोठ्या बाईंचं होतं. गुरुजींनी सगळ्यांत आधी ‘वाचलेलं’ पाकीट कुणी उघडलंच नव्हतं! मग शनिवारी पहिलं म्हणून फोडलं ते कुणाचं? दुसऱ्याचं. त्यातली चिठ्ठी बघून घेतली आणि दुसरं पाकीट कपाळाला लावून तीच सांगितली. दुसरं फोडलं, त्यातली तिसऱ्याच्या वेळी. असं एकेक घर पुढे सरकत गेलं. या सगळ्याला एकच गोष्ट लागत होती, पहिल्या थापेला ‘होय’ म्हणणारं एक माणूस. तेही असं, ज्याच्यावर कुणी शंका घेणार नाही.

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण न बोललो तर हे कधीच उघडकीला येणार नाही आणि शनिवारी वीस पोरं चष्मे, वह्या टाकून त्याच्यामागे जातील. बोललो, तर पंचवीस वर्षांची अब्रू सातवीच्या वर्गात सगळ्यांसमोर जाणार. नव्या बाई वाट बघत होत्या.

“माझं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलले.” आणि मग जिन्यापाशी काय ठरलं होतं ते त्यांनी सगळं सांगितलं.

शनिवारी गुरुजी कोरी वही घेऊन यादीसाठी हजर. टेबलावर सगळ्यांनी नव्याने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची बंद पाकिटं होती. “आज गॅमा लहरी फार आहेत, खिडक्या उघडा!”

“उघडते. पण आधी मी पाकिटं वाचते,” मोठ्या बाई म्हणाल्या. लोक हसले. बाईंनी एक पाकीट कपाळाला लावलं. “कुणाला तरी गृहपाठाच्या वह्या तपासायला वेळ पुरत नाही.” नव्या बाई उठून म्हणाल्या, “माझीच!” बाईंनी पाकीट फोडून बघितलं, पुढचं उचललं, आणि पुढची सगळीच्या सगळी बिनचूक सांगितली. कुणाला हसू सुचेना.

“बाई, तुम्हालाही साधना...?” मुख्याध्यापक पुढे आले.

“कसली साधना घेऊन बसलात, सर! नव्या बाई आत्ता माझ्या सांगण्यावरून खोटं बोलल्या. गेल्या शनिवारी यांच्या सांगण्यावरून मी बोलले होते.” बाईंनी पहिल्या पाकिटापासून शेवटच्यापर्यंत सगळी लबाडी उलगडून दाखवली. गेल्या शनिवारचं ते बारावं पाकीट सर्वांसमोर फोडलं. आत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : माझ्या बैठकीत कुणी बोलत नाही.

“नकली नाणं असतं म्हणून असली नसतं का?” गुरुजी तडकले.

“असतं ना! मग दाखवा. आम्ही पुन्हा चिठ्ठ्या लिहितो, शेवटपर्यंत एकही पाकीट फोडायचं नाही. करा सुरुवात.”

गुरुजींना एकाएकी आठवलं की दुसऱ्या गावी कार्यक्रम आहे. वही बगलेत मारून ते असे निघाले की चहालाही थांबले नाहीत.

एरवी अशा वेळी टाळ्या पडतात. इथे कुणी कुणाकडे बघेना. अखेर विज्ञानाचे सर खाली मान घालून म्हणाले, “मला त्या दिवशीच शंका आली होती. तो पाकिटं का फोडतोय, असं मनात आलं होतं.”

“मग विचारलं का नाहीत, सर?” मोठ्या बाई जवळजवळ ओरडल्या.

“कुठे विचारायचं, बाई? आपल्या बैठकीत कधी कुणी काही विचारलंय? आणि तुम्हीच ‘माझी’ म्हणालात. तुम्हाला खोटं कोण म्हणणार?”

गुरुजींना हाकलणं सोपं होतं. बाईंना हे ऐकणं जड गेलं.

त्या दिवशीची बैठक दोन तास चालली आणि इतिवृत्त कोरंच राहिलं. संपल्यावर बाई समोर शिवणकाम करणाऱ्या आईकडे गेल्या. मुलगी भुवईवर पट्टी बांधून, नवा चष्मा लावून बसली होती.

“चूक माझी होती. त्याला मीही सामील होते,” बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं.

आईने यंत्र थांबवलं. “बाई, माझ्या सख्ख्या आईने सांगितलं असतं ना, तरी मी चष्मा काढला नसता. तुम्ही सांगितलंत म्हणून काढला.”

बाई मुलीसमोर बसल्या. “बाळ, यापुढे कुणीही काही सांगितलं की विचारायचं, कशावरून? एखादा साधूबाबा असो, पुस्तक असो, नाहीतर मी असो. उत्तर मिळेपर्यंत मान डोलवायची नाही.”

मुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “मग तुम्ही का नाही विचारलंत?”

“लाज वाटली गं,” बाई म्हणाल्या. “सगळे माना डोलावत होते.”